छातीत दुखणाऱ्या तातडीच्या रुग्णाचे ईसीजी वाचन

छातीत दुखते म्हणून आकस्मिक विभागात आलेल्या रुग्णाच्या हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ईसीजी, काढून त्यावरून निदानाची आणि उपचाराची दिशा ठरवण्याची प्रक्रिया. रुग्ण आल्यापासून १० मिनिटांच्या आत पहिला ईसीजी काढून जाणत्या डॉक्टरने तो पाहिलेला असावा, असा मान्य दंडक आहे. हृदयाची एखादी रोहिणी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल, तर तिच्यावर पोसणारा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. इजा झालेल्या हृदयस्नायूतून रक्तात येणारे ट्रोपोनिन हे प्रथिन मोजण्याइतके वाढायला वेळ लागतो. ईसीजी त्याआधीच बोलू शकतो.

विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा आलेख नेमकेपणाने नोंदवण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोहिणी बंद झाल्यावर आलेखातील एसटी भाग (प्रत्येक ठोक्याच्या टोकदार लहरीनंतरचा, एरवी जवळपास सपाट तुकडा) कसा बदलतो, हे हॅरोल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये दाखवले. आजचे तातडीचे वाचन मुख्यतः त्याच निरीक्षणावर उभे आहे.

अंगावर १० इलेक्ट्रोड लावून १२ लीड, म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या नोंदी, मिळतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. एक मिलिमीटरचा लहान चौकोन आडवा ०.०४ सेकंदाचा आणि उभा ०.१ मिलिव्होल्टचा असतो. घाईत दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर लीड १ उलटी दिसते. छातीवरील व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडीखालच्या फटीऐवजी वर लागले, तर नसलेला आजार दिसू शकतो. म्हणून इलेक्ट्रोडच्या जागा तपासणे हा वाचनाचाच पहिला भाग मानायला हवा.

एकाच बाजूच्या, शेजारच्या किमान दोन लीडमध्ये एसटी भाग १ मिलिमीटर किंवा अधिक उंचावलेला असणे हा हृदयविकाराच्या झटक्याचा ठळक पुरावा. व्ही२ आणि व्ही३ मध्ये निरोगी माणसातही थोडी उंची असते, त्यामुळे तिथे मर्यादा वेगळी: स्त्रियांत १.५, चाळिशीपुढच्या पुरुषांत २ आणि त्याहून तरुण पुरुषांत २.५ मिलिमीटर. लीड २, ३ आणि एव्हीएफ हृदयाची खालची भिंत दाखवतात. व्ही१ ते व्ही४ पुढची. लीड १, एव्हीएल, व्ही५ आणि व्ही६ बाजूची. विरुद्ध बाजूच्या लीडमध्ये एसटी खाली गेलेला दिसला, तर निदान बळावते. खालच्या भिंतीच्या झटक्यात एव्हीएलमधला असा दबलेला एसटी पुष्कळदा इतर बदल ठळक होण्याआधीच दिसतो. अशा रुग्णात उजव्या छातीवरची व्ही४आर लीडही काढावी. उजवा कप्पा बाधित असेल तर नायट्रेटने (रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाने) रक्तदाब धोकादायक घसरू शकतो.

मात्र मिलिमीटरच्या या मोजमापात न बसणारी बंद रोहिणीही असते, आणि वाचकाचा खरा कस तिथे लागतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका व्ही१ ते व्ही३ मध्ये उंचावलेल्या नव्हे, तर दबलेल्या एसटीच्या रूपात दिसतो. पाठीवर व्ही७ ते व्ही९ लावल्यावर तो उघड होतो, आणि तिथे अर्धा मिलिमीटर उंचीही पुरेशी ठरते. क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार लहरीच्या) मानाने रुंद, फुगीर टी लहर (एसटीनंतर येणारी लहर) ही अगदी सुरुवातीची खूण. डी विंटर यांनी २००८ मध्ये वर्णिलेल्या आकृतीत एसटी दबलेल्या पातळीवरून वर चढत उंच, टोकदार टी लहरीत मिसळतो. डावी पुढची रोहिणी बंद असल्याचे ते लक्षण. वेलन्स यांच्या गटाने १९८२ मध्ये नोंदवलेला प्रकार तर दुखणे थांबल्यावर दिसतो: व्ही२ आणि व्ही३ मधली टी लहर आधी वर जाऊन मग खाली उतरते किंवा खोल उलटते. रुग्णाला आराम वाटत असतो, पण त्याच रोहिणीत गंभीर अडथळा असतो; त्याला ट्रेडमिलवर चालवणे धोक्याचे. डाव्या शाखेचा अवरोध, म्हणजे डाव्या कप्प्याकडे विद्युत संदेश नेणाऱ्या वाटेत अडथळा, असेल तर नेहमीचे नियम लागू पडत नाहीत. तिथे झटका ओळखण्यासाठी १९९६ चे स्गार्बोसा निकष वापरतात.

उलट, उंचावलेला प्रत्येक एसटी झटक्याचा नसतो. हृदयावरणाच्या दाहात तो बहुतेक लीडमध्ये पसरलेला असतो आणि पीआर भाग (क्यूआरएसच्या लगेच आधीचा सपाट तुकडा) दबलेला असतो. डाव्या कप्प्याची जाड भिंत, जुन्या झटक्याने आलेला फुगवटा, रक्तातील वाढलेले पोटॅशियम हीही कारणे असतात. फुप्फुसातील गुठळीत अनेकदा फक्त जलद ठोके दिसतात. महारोहिणीची भिंत चिरली असेल तर ती चीर हृदयाच्या रोहिणीपर्यंत पोहोचून खरोखरचा झटका आणू शकते. गुठळी विरघळवणारे औषध देण्यापूर्वी ही शक्यता मनात हवीच.

नेहमीच्या छापील ईसीजीत साधारण १० सेकंदांचीच नोंद असते, आणि रोहिणी मधूनच उघडते, मधूनच मिटते. पहिला आलेख सामान्य आला म्हणून झटका नाही असे ठरत नाही. दुखणे चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात, आणि जुना आलेख मिळाला तर शेजारी ठेवून पाहतात. एकट्या पट्टीत न दिसणारा फरक अशा तुलनेत सापडतो. एसटी उंचावलेला नसतानाही औषधांना न जुमानणारे दुखणे, घसरता रक्तदाब किंवा ठोक्यांची गंभीर अनियमितता असेल, तर ट्रोपोनिनची वाट न पाहता दोन तासांच्या आत अँजिओग्राफी (हृदयाच्या रोहिण्यांचे क्ष-किरण चित्रण) करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.