उंदीर की अँटेकायनस? सापळा लावण्याआधी तोंड बघा

सप्टेंबरातली सकाळ होती. कोठीच्या खोलीत रात्री लावून ठेवलेला जाळीचा पिंजरा मी उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला. आई तेव्हा रत्नागिरीहून आमच्याकडे आली होती. तिने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा उंदीर कुठला? ही चिचुंद्री आहे. तोंड बघ तिचं!"

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर चिचुंद्री नाही. पण आईने जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. तोंड लांबट, पुढे निमुळतं, टोकाला सतत थरथरणारं ओलं नाक. तेवढ्यात ते जनावर पिंजऱ्याच्या छताला आतून उलटं लटकलं आणि वरून जाळीतून त्याचं पोट दिसलं. पोटावर कातडीची एक वळी होती आणि तिच्यात गुलाबी, चण्याच्या डाळीएवढे ठिपके एकमेकांना खेटून चिकटले होते. ती पिल्लं होती. मी पिंजरा तसाच उचलला आणि लाकडांच्या ढिगाशी नेऊन उघडला. एका उडीत ती ओंडक्यांमध्ये दिसेनाशी झाली.

ती अँटेकायनस होती, उंदरासारखा दिसणारा इथला एक पिशवीवाला प्राणी. आम्ही राहतो तो भाग व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँडचा. घरामागे युकॅलिप्टसचं जंगल, पुढे कुरण, मध्ये पाण्याची टाकी, खुराडं आणि लाकडांचा ढीग. अशा ठिकाणी थंडी सुरू झाली की भिंतीत खुडबुड ऐकू येतेच. ती ऐकली की माणूस सरळ दुकानात जातो आणि उंदराचं औषध आणतो. आवाज कोणाचा, हे कुणी बघत नाही. ते बघावं एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

दोघांची कुळं आधी सांगते. घरउंदीर इथला नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांची जहाजं १७८८ सालापासून इथे यायला लागली, त्यांच्या धान्याबरोबर तो आला आणि खंडभर पसरला. अँटेकायनस मात्र इथला मूळचा रहिवासी. कांगारूसारखाच पिशवीवाल्या प्राण्यांपैकी, आणि त्यातही टास्मानियन डेव्हिलच्या कुळातला मांसाहारी. दिसायला उंदरासारखा असला तरी उंदराशी त्याचं नातं फार फार लांबचं आहे. आपल्या चिचुंद्रीशीही तसंच. किडे शोधत पाचोळ्यात नि फटीत तोंड घालायचं, या एकाच धंद्याने दोघांना सारखं तोंड दिलंय. पूर्वी लोक त्याला 'पिशवीवाला उंदीर' म्हणत, आणि मला वाटतं त्या नावानेच त्याचं निम्मं नुकसान केलं. त्याच्या साधारण पंधरा जाती आहेत. आमच्याकडचा तो चपळ अँटेकायनस. १९९८ साली त्याला तपकिरी अँटेकायनसपासून वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. जरा कोरड्या भागात पिवळ्या पायांचा अँटेकायनस असतो. तो दिवसाढवळ्या घरात फिरतो, म्हणून जास्त जणांनी पाहिलेला असतो.

आता ओळख. सगळ्यात आधी तोंड बघा. उंदराचं तोंड बोथट, डोळे-कान-नाक सगळं एका गोल चेहऱ्यात बसलेलं. अँटेकायनसचं डोकं वरून पाहिलं तर लांबट आणि चपटं, गाजराच्या टोकासारखं निमुळतं होत गेलेलं. मग कान. उंदराचा कान गोल आणि कड सरळ. अँटेकायनसचा कान कागदासारखा पातळ, थोडा चुरगळलेला, आणि कडेला एक खाच. फोटो काढून मोठा केलात तर ही खाच लगेच दिसते. त्याच्या शेपटीवर बारीक केस असतात, उंदराची शेपटी मात्र जवळजवळ उघडी आणि खवल्यांच्या कड्याकड्यांची. रंगावर जाऊ नका, दोघंही राखाडी-तपकिरी.

मेलेलं जनावर हाती लागलं तर हातमोजे घालून तोंड उघडून बघा, कारण दाताइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही. उंदराला पुढे वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात, पिवळसर, खरोखर सुताराच्या पटाशीसारखे, आणि त्यांच्यामागे मोकळी जागा. धान्य कुरतडायचं, लाकूड पोखरायचं, वायरीचं प्लास्टिक सोलायचं, हे सगळं त्या पटाश्यांचं काम. अँटेकायनसच्या तोंडात पुढून मागपर्यंत बारीक, टोकदार दातांची रांग असते, छोट्या मांजरासारखी. त्या दातांनी झुरळाचं कवच फुटतं, कोळ्याचे तुकडे होतात. ते वायर कुरतडायच्या कामाचेच नाहीत. घरातली वायर खाल्लेली दिसली तर अँटेकायनसवर आळ घेऊ नका.

पुढच्या पायाची बोटंही मोजता येतात. उंदराची चार ठळक दिसतात, अँटेकायनसची पाच. पिठाच्या डब्याभोवती सांडलेल्या पिठात उमटलेला पाय पाहून एकदा मला हे कळलं होतं. पण असा स्वच्छ ठसा क्वचितच मिळतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पटाशीचे दात दिसले म्हणजे घरउंदीरच, असं नाही. ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे उंदीर आणि घुशीही आहेत. आमच्या जंगलातली रानघूस चांगली जाडजूड, मऊ केसांची, आणि घरात सहसा येत नाही.

जनावर दिसलंच नाही तर? बहुतेक वेळा तसंच होतं. मग लेंड्या बघायच्या. उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्यासारख्या, काळ्या, सगळ्या एकाच मापाच्या, आणि जाईल तिथे भिंतीकडेने शिंपडलेल्या. अँटेकायनसच्या त्याहून मोठ्या, वेड्यावाकड्या. काडीने फोडल्या तर भुसभुशीत होतात आणि आत किड्यांच्या कवचांचे चकाकणारे तुकडे दिसतात. त्यांना वास फार उग्र असतो. आमच्या शेडमधल्या जुन्या सोफ्यात एका मादीने कापूस उपसून घर केलं होतं. त्या सोफ्याजवळ उभं राहवत नव्हतं. हा त्रास खरा आहे, तो मी कमी करून सांगणार नाही.

खाण्याच्या खुणाही वेगळ्या. कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं कोपऱ्यात कुरतडलंय, खाली भुसा पडलाय, तर तो उंदीर. खिडकीच्या चौकटीवर पतंगांचे पंख आणि भुंग्यांचे पाय पडलेत, झुरळं अचानक कमी झालीत, तर पाहुणा दुसरा आहे. अँटेकायनस घरउंदरालाही मारून खातो. कधी कधी त्याचं कातडं मोज्यासारखं उलटं केलेलं सापडतं.

चालीचंही सांगायला हवं. उंदीर भिंतीला धरून एका रेषेत पळतो, ठरलेल्या वाटेने. अँटेकायनस झटक्याझटक्याने चालतो. थांबला, नाक वर, पुन्हा पळाला. विटांच्या उभ्या भिंतीवर तो सरळ चढतो आणि फांदीच्या खालच्या बाजूने उलटा धावतो. एकदा पाहिलं की मग दुरूनही ओळखू येतो.

पण या दोघांतला सगळ्यात मोठा फरक अंगावर दिसत नाही. तो वर्षाच्या हिशेबात आहे.

उंदराला ऋतू नसतो. खायला मिळालं की तो वाढतो. मादी सहा आठवड्यांची झाली की तिची वीण सुरू होते, आणि मग दर एकोणीस ते एकवीस दिवसांनी सहा ते दहा पिल्लं. म्हणून गव्हाच्या पट्ट्यात पीक चांगलं आलं की उंदरांची धाड येते, हेक्टरी आठशे-हजार उंदीर. २०२१ साली न्यू साउथ वेल्समधल्या शेतकऱ्यांनी ती भोगली. रात्री अंथरुणात उंदीर, यंत्रांच्या वायरी खाल्लेल्या, गवताच्या गंजी वाया. त्या माणसांना उंदराबद्दल दयामाया दाखवा, असं मी कधीही म्हणणार नाही.

अँटेकायनसचं वर्ष मात्र घड्याळासारखं बांधलेलं आहे. हिवाळ्यात, आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये, दोनेक आठवड्यांचा एकच माजाचा काळ येतो. दिवस किती वेगाने मोठा होतोय, त्यावरून त्या भागातल्या सगळ्यांना एकदमच ती वेळ कळते. नर खाणंपिणं सोडून मादीमागे धावतात. एकेक मीलन बारा तासांपर्यंतही चालतं. अंगात ताणाच्या रसायनांचा असा पूर येतो की रोगाशी लढायची ताकद संपते, पोटात व्रण होतात, केस गळतात. आणि मग एकूण एक नर मरतो. वय अजून वर्षाचंही पुरतं झालेलं नसतं.

पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी लाकडांच्या ढिगाजवळ एक मेलेला सापडला. पाठीमागचे केस गेलेले, अंगावर जखम नाही. दोन दिवसांनी टाकीखाली दुसरा. नवरा म्हणाला, "कुणी औषध घातलं का गं?" आम्ही कुंपणाभोवती फिरून औषधाच्या गोळ्या शोधल्या. काहीच मिळालं नाही. कोणी काही घातलंच नव्हतं. त्यांचं वर्ष संपलं होतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सप्टेंबरात आमच्या भागात अँटेकायनसचा एकही प्रौढ नर जिवंत नसतो. जी दिसेल ती मादी, आणि ती गाभण तरी असते किंवा लेकुरवाळी. जन्मलेलं पिल्लू तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतं. ते आईच्या सडाला चिकटतं आणि सुमारे पाच आठवडे तसंच राहतं. सड जागेनुसार सहा ते दहा, त्यामुळे पिल्लंही तेवढीच वाचतात. त्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या खटक्याच्या सापळ्यात एक मादी सापडली, की तिच्याबरोबर आठ-दहा जीव गेले. त्या जागची भर उंदरासारखी तीन आठवड्यांत निघत नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत दुसरी वेत नाही.

सापळ्याचं आमिषही दोघांत भेद करत नाही, हे विसरू नका. पीनट बटर, ओट्स आणि मध यांची गोळी अभ्यासक अँटेकायनस पकडायला वापरतात. आपण उंदरासाठी खटक्यावर पीनट बटरच लावतो.

औषधाची गोष्ट त्याहून वाईट. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ब्रोडिफाकूमसारखी द्रव्यं असतात. ती रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर घुबडाच्या हाती सहज लागतो. विष घुबडाच्या यकृतात महिनोन्‌महिने टिकतं आणि पुढच्या प्रत्येक उंदराबरोबर साठत जातं. आमच्या मागच्या झाडावर बूबुक घुबड येतं. आपल्या पिंगळ्याहून थोडं मोठं, रात्रभर 'मो-पोक, मो-पोक' असं दोन सुरांत बोलणारं. ते रोज फुकटात उंदीर पकडतंय, आणि आपण त्यालाच मारायचं! अँटेकायनस तर औषधही खाईल, औषध खाल्लेले किडेही आणि उंदीरही. आमच्या घरात गोळ्या येत नाहीत, आणि शेजारी कोणी विचारलं तर मी स्पष्टपणे नको म्हणून सांगते.

मग करायचं काय? उंदीर असेल तर दाणे पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ठेवा, खुराड्यात रात्री सांडलेलं धान्य राहू देऊ नका, आणि पेन्सिल जाईल एवढी फटही स्टीलच्या काथ्याने बुजवा, कारण उंदराला तेवढी पुरते. आधी जिवंत पकडणारा पिंजरा लावून कोण आहे ते बघा. आत मूठभर वाळलेली पानं टाका आणि पहाटेच उघडा. एवढासा जीव थंडीत रात्रभर उपाशी राहिला तर सकाळपर्यंत टिकत नाही. घरउंदीरच आहे याची खात्री झाली की घराच्या आत, बंद कपाटात खटक्याचा सापळा खुशाल लावा.

अँटेकायनस निघाला तर त्याच आवारात, लाकडाच्या ढिगाशी किंवा झाडाच्या बुंध्याशी लगेच सोडा. लांब नेऊन सोडायचं नाही, पिल्लं घरट्यात असतील तर ती मरतील. शिवाय व्हिक्टोरियात १९७५ च्या वन्यजीव कायद्याने इथल्या मूळ प्राण्यांना संरक्षण आहे, परवान्याशिवाय त्यांना मारणं किंवा पाळणं दोन्ही गुन्हा. मांजर असेल तर रात्री घरात ठेवा. आणि घराच्या फटी सप्टेंबर ते जानेवारी बुजवू नका. आत घरटं असलं तर पिल्लं भिंतीतच अडकतील.

जानेवारीत पिल्लांचं दूध तुटतं. तरुण नर आईचा परिसर सोडून लांब जातात, मुली बहुतेक जवळपासच राहतात. फेब्रुवारीत आम्ही फटी बुजवल्या आणि तो सोफा बाहेर काढला. आतल्या घरट्यात कोंबडीची पिसं, युकॅलिप्टसची पानं आणि माझ्या हरवलेल्या मोज्याची लोकर होती. नवऱ्याने एक पोकळ ओंडका शोधून कुंपणाजवळच्या झाडाला उभा बांधला. मे महिन्यात त्याच्या भोकातून एक निमुळतं तोंड बाहेर आलेलं दिसलं. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "चिचुंद्री बरी आहे ना?"