जिवतीच्या कागदावरची जरा

श्रावण तोंडावर आला की राजापूर-लांज्याच्या बाजारात दुकानांच्या दारांशी जिवतीचे कागद दिसू लागतात. आमच्याकडे तो माजघराच्या भिंतीवर लागतो. चार चित्रं असतात: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, पोराबाळांच्या गराड्यातल्या दोन बायका, आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. शुक्रवारी आघाड्याची माळ, हळदकुंकू, चणे-गूळ, मग मुलांचं औक्षण. मूल मुंबईला असेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते, कुठल्या तरी दिशेला तो असेलच.

त्या दोन बायकांची नावं जरा आणि जिवंतिका. यातली जरा ही राक्षसीण.

तिची गोष्ट महाभारताच्या सभापर्वात आहे. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. घाबरून ते तुकडे चव्हाट्यावर टाकले. मांसाच्या वासाने जरा आली आणि उचलून न्यायला सोपं जावं म्हणून तिने दोन्ही तुकडे एकत्र धरले. ते जुळले, मूल रडू लागलं. तिने ते खाल्लं नाही, राजाला परत दिलं. जरेने सांधला तो जरासंध. पण मला खटकतं ते पुढचं. ती राजाला सांगते, मी राक्षसी आहे, तुझ्या घरी माझी पूजा होते आणि मी तिथे सुखाने राहते. म्हणजे मूल वाचवण्याआधीपासूनच तिला घरात जागा होती.

पूतनेचंही असंच. भागवतातली पूतना विष लावलेले स्तन कृष्णाच्या तोंडात देते, हे सगळ्यांना ठाऊक. मराठीने तर तिला नात्यातच घेतलं, ‘पूतनामावशी’ केलं. पण ‘सुश्रुतसंहिते’च्या उत्तरतंत्रात ती एका आजाराचं नाव आहे. तिथे लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत, त्यात पूतना, अंधपूतना, शीतपूतना अशा तिघी. पूतनेने धरलेल्या मुलाची लक्षणं वाचा: अंग गळून जातं, ना दिवसा झोप ना रात्री, पातळ शौच, अंगाला कावळ्यासारखा वास, उलट्या, सारखी तहान. आजचा डॉक्टर हे वर्णन ऐकून पहिल्यांदा जुलाबाने शरीरातलं पाणी गेलंय का ते बघेल. जुलाबातून पाणी आणि क्षार वाहून जातात, तान्ह्या मुलाकडे त्यांचा साठा मुळात थोडा, म्हणून ते काही तासांत मलूल होतं. आणि याच ग्रंथात उपचारांबरोबर पूतनेची प्रार्थनाही आहे. मळकी वस्त्रं नेसलेली, रुक्ष केसांची, ओसाड घरात राहणारी ‘देवी’ पूतना या बाळाचं रक्षण करो. मारणारी तीच, राखणारीही तीच, आणि वैद्याला त्यात काही विसंगत वाटलेलं नाही.

महाभारताच्या वनपर्वात तर हा व्यवहार उघडच मांडलाय. स्कंदाला, म्हणजे कार्तिकेयाला, मारायला पाठवलेल्या मातृका देवी त्याच्या आया होऊन बसतात आणि बदल्यात वाटा मागतात. मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत त्यांना पीडा द्यायची मुभा त्यांना मिळते. नीट पूजा झाली तर मात्र त्याच कल्याण करतात. तिथेच स्कंदाच्या बायकोचं एक नाव षष्ठी आहे. सहाव्या रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिणारी आपली सटवाई ती हीच.

सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद नि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत, बायका जागतात. सहावीच रात्र का? माझा तर्क असा, की यामागे बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण असावं. नवजात बाळाच्या धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. नाळ कापताना ते आत शिरतात. पहिले दोन दिवस बाळ छान दूध ओढतं, रडतं. तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान अचानक त्याला ओढता येत नाही, मग अंग ताठ होतं. बहुतेक बाळं पहिल्या पंधरवड्यातच जात. चांगलं गुटगुटीत मूल डोळ्यांदेखत असं गेलं, की रात्री कोणीतरी आलं होतं असंच वाटणार.

मूल गेलं की बोट बाईकडे, आणि बाळंतीण गेली तरी तिच्याकडेच. बाळंतपणात मेलेल्या बाईचं कोकणात भूत होतं, अळवंतीण. रक्तस्राव नाहीतर जंतुसंसर्ग, मारलं तिला त्याने. पण वाटेवरून जाताना लोक भ्यायचे ते तिला. ए. एम. टी. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडून अशा समजुती गोळा करवल्या होत्या. 1909 मध्ये नाशकात त्याला गोळी घातली गेली, आर. ई. एन्थोवेनने ते कागद नीट लावले आणि कोकणचा भाग 1915 मध्ये छापून आला. हडळ, लावसट, जखीण ही सगळी मंडळी त्यात आहेत.

जखिणीपाशी थोडं थांबू. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा ‘य’ आपल्याकडे येताना ‘ज’ होतो, यज्ञोपवीताचं जानवं झालं तसा. ‘क्ष’चा ‘ख’ होतो, लक्षाचा लाख झाला तसा. मग यक्षिणीची जखीण. यक्षी म्हणजे झाडापाण्याची, भरभराटीची देवता, जुन्या बौद्ध स्तूपांच्या तोरणांवर फांदी धरून उभी असलेली. तिची आपण पिंपळावरची भुताटकी केली. पण जाखमाता, जाखाई ही नावंही अभ्यासक त्याच यक्षीशी जोडतात, आणि जाखमाता कोकणात कित्येक गावांची ग्रामदेवता आहे. जिला देऊळ, पालखी आणि गुरव मिळाला ती माता झाली. जिला काहीच मिळालं नाही ती तिन्हीसांजेला पाणंदीत उभी राहिली. गाऱ्हाणं घालणारा गावकार हे भेद पाळत नाही म्हणा. वाटेवरच्या, पाणवठ्यावरच्या सगळ्यांना हाक मारून तो प्रत्येकाचा मान देऊन मोकळा होतो.

पश्चिम आशियात हे गणित वेगळं गेलं. कनानी लोकांच्या अस्टार्टे देवीला ज्यू धर्मग्रंथांनी परकी, निषिद्ध ठरवलं. पुढे युरोपातल्या जादूटोण्याच्या पोथ्यांत त्याच नावावरून ‘अस्टारोथ’ हा पुरुष सैतान झाला. बाई होती हेसुद्धा पुसलं गेलं.

भारतात माता-नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं 2015 मध्ये मान्य झालं. गेल्या वर्षी माझ्या भाचीने गरोदरपणी आरोग्यकेंद्रात धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं घेतली. सहाव्या रात्री काकूने कागद-लेखणी मांडली ती मांडलीच. फक्त बोरू मिळेना, म्हणून बॉलपेन ठेवलं, आणि टोपण काढायला विसरली नाही.