चरबीच्या पेशीतलं कॅल्शियम

कॅल्शियम म्हटलं की आपल्याकडं हाडं, दात आणि चाळिशी उलटलेल्या बायकांना लिहून दिलेल्या गोळ्या, एवढंच आठवतं. पण पोटावर, मांडीवर साठलेल्या चरबीच्या पेशी, म्हणजे अॅडिपोसाइट, यांचा कारभारसुद्धा बराचसा कॅल्शियमवरच चालतो. चरबी साठवायची की फोडून रक्तात सोडायची, इन्सुलिनचं ऐकायचं की नाही, उष्णता तयार करायची की नाही, हे सगळं पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम किती आहे त्याच्याशी जोडलेलं, आणि ते किती असावं हे हार्मोन आणि सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखे आयन मिळून ठरवतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं ‘कॅल्शियम खाल्लं की वजन उतरतंय’ असं कुणी म्हणत असेल तर त्या बोलण्याचं मूळ इथंच आहे.

आधी आकडे बघू. लॅबच्या रिपोर्टात रक्तातलं एकूण कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, त्यातलं निम्मंच मोकळं, बाकीचं बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं. हे मोकळं कॅल्शियम पेशीबाहेर लिटरमागं सव्वा मिलिमोलच्या आसपास, आणि पेशीच्या आतल्या द्रवात फक्त १०० नॅनोमोलच्या घरात, म्हणजे बाहेर जवळजवळ १०,००० पट जास्त. एवढा फरक टिकवायचा तर पेशीला सतत एटीपी, म्हणजे तिचं इंधन, खर्चावं लागतं की. पेशीच्या पडद्यातला एक पंप कॅल्शियम बाहेर फेकतो, सर्का नावाचा दुसरा पंप ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पेशीतल्या जाळीदार पिशव्यांमध्ये भरून ठेवतो, थोडं मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, ओढून घेतात. हा आतला साठा म्हणजे आपलं हिडकल धरण समजा, भरलेलं असलं तरी दार उघडल्याशिवाय कालव्याला पाणी येत नाही, आणि इथं दार उघडायचा हुकूम घेऊन येतो आयपी-३ नावाचा छोटासा रेणू. साठा कमी झाला की स्टिम-१ हे प्रथिन ते ओळखतं आणि पडद्यावरचं ओराय-१ चॅनेल उघडून बाहेरचं कॅल्शियम आत घ्यायला लावतं.

पांढऱ्या चरबीच्या पेशीत मधे तेलाचा एकच मोठा थेंब, आणि बाकी सगळी यंत्रणा कडेच्या पातळ थरात दाटीवाटीनं बसलेली, त्यामुळं मोजमाप घेणं किचकट. १९६४ मध्ये मार्टिन रॉडबेल यांनी कोलॅजिनेज एन्झाइम वापरून चरबीच्या पेशी सुट्या केल्या तेव्हा कुठं त्यांच्यावर नीट प्रयोग करता यायला लागले.

हार्मोनमध्ये पहिलं नाव नॉरअॅड्रेनालिनचं. गंमत अशी की एकच हार्मोन दोन रस्त्यांनी जातं. पेशीच्या पडद्यावर हार्मोन पकडणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. बीटा रिसेप्टरवर बसलं तर सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि चरबी फोडणारी एन्झाइमं कामाला लागतात, अल्फा-१ वर बसलं तर आयपी-३ तयार होऊन साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. इन्सुलिन याच्या उलट, सायक्लिक एएमपी मोडणारं फॉस्फोडायएस्टरेज जागं करून चरबी फोडणं थांबवतं. वाढलेलं कॅल्शियमही हेच फॉस्फोडायएस्टरेज वाढवतं, म्हणजे परिणाम इन्सुलिनसारखाच. पण याच्यात एक मेख आहे. थोडं कॅल्शियम नसेल तर इन्सुलिनचं ऐकून ग्लुकोज आत घेणंच जमत नाही, आणि कॅल्शियम कायम चढलेलं राहिलं तर तीच पेशी इन्सुलिनला दाद देईनाशी होते.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पॅराथायरॉइड हार्मोन आणि ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाची, म्हणजे कॅल्सिट्रायॉलची. जेवणात कॅल्शियम कमी पडलं की ही दोन्ही वाढतात, रक्तातली पातळी सांभाळायला. पण दोन्ही चरबीच्या पेशीत कॅल्शियम आत यायला लावतात. म्हणजे खाण्यात कमी, तर पेशीत जास्त, असं उलटं गणित. आणि पेशीत जास्त झालं की चरबी बनवणारं फॅटी अॅसिड सिंथेज वाढतं, फोडणं मंदावतं. यावरूनच अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मायकेल झेमेल यांनी २००० साली मांडलं की भरपूर कॅल्शियम खाल्लं तर चरबी कमी व्हावी. उंदरांत ते छान दिसलं. तिथून मग दुधाच्या, गोळ्यांच्या जाहिराती सुरू, कारण ऐकायला एकदम पटतं. पण माणसांवर नीट चाचणी घेतली तेव्हा फुगा फुटला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४० जाड माणसांना दोन वर्षं, काहींना रोज १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि काहींना नुसत्या बनावट गोळ्या दिल्या, तर वजनात सांगण्यासारखा फरक नाही. पेशीतली यंत्रणा खोटी नाही, पण माणसाचं वजन एका पेशीतल्या एका आयनावर चालत नाही. म्हणून खानापूरकडची नाचणीची भाकरी, आंबील जरूर खावी, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि ज्वारीत त्याच्या दहावा हिस्साही नाही, पण ती हाडांसाठी. आणि कुंद्यात दूध असतंय म्हणून तो वजन उतरवायला खातो असं कोण म्हणत असेल तर त्याला साखर पण दाखवा.

आयनांचं थोडक्यात. सोडियम-कॅल्शियम एक्सचेंजर तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर काढतो, म्हणजे सोडियमची बाहेर-आतली तफावत बिघडली की कॅल्शियमही बिघडतं. पेशीबाहेर पोटॅशियम वाढवलं की पडद्याचा विद्युतभार उतरतो आणि कॅल्शियमची चॅनेलं उघडतात. मॅग्नेशियमकडं दुर्लक्ष होतं, पण त्याच्याशिवाय एटीपी पंपांना वापरताच येत नाही, आणि ते फारच कमी झालं तर पॅराथायरॉइड हार्मोन नीट स्रवतच नाही. रक्त आम्लधर्मी झालं तर अल्ब्युमिनवरचं कॅल्शियम सुटून मोकळं वाढतं, रिपोर्टातला एकूण आकडा मात्र तसाच दिसतो.

बेज चरबी, म्हणजे पांढऱ्या चरबीतच मिसळलेल्या, उष्णता तयार करणाऱ्या पेशी, यांची गोष्ट वेगळीच. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, तिथल्या डिसेंबरच्या थंडीत अंगाला ऊब देणारी चरबी बहुतेक यूसीपी-१ या प्रथिनामुळं तापते असं शिकवलं जातं. पण २०१७ मध्ये दिसलं की बेज पेशीत सर्का पंप कॅल्शियम साठ्यात भरतो, रायनोडिन रिसेप्टर ते परत सोडतो, पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं, हाती काही लागत नाही पण एटीपी जळून उष्णता निघते. हे चक्र नॉरअॅड्रेनालिननं वेग घेतं आणि त्याला यूसीपी-१ लागतच नाही, म्हणून डुकरांच्या बेज पेशींतही ते सापडलं, ज्यांच्यात चालू यूसीपी-१ मुळातच नसतं.