घन इंधन, दाबाचा घातांक आणि अवकाशयान

अवकाशयानांच्या इंजिनांविषयी लिहिताना घन इंधनाला बहुधा दोन ओळींत निकालात काढले जाते. ते जमिनीवरून उड्डाण करण्यापुरते ठीक, पण एकदा पेटले की थांबवता येत नाही, म्हणून अवकाशात त्याचा उपयोग नाही, असे सांगितले जाते. यातील पूर्वार्ध अर्धवट खरा आहे, तर निष्कर्ष इतिहासाशीच विसंगत आहे. १९६६ साली चंद्रावर अलगद उतरलेल्या सर्व्हेयर-१ या अमेरिकी यानाचा चंद्राजवळ पोहोचतानाचा वेग सेकंदाला अडीच किलोमीटरहून अधिक होता. त्यातील बहुतांश वेग घन इंधनाच्या एकाच मोटरने (घन इंधनाच्या इंजिनाला मोटर म्हणतात) सुमारे ४० सेकंदांत घालवला आणि उरलेले नाजूक काम लहान द्रव इंजिनांनी केले. मॅगेलन यानाची घन मोटर पृथ्वीवरून निघाल्यानंतर पंधरा महिने अवकाशात निष्क्रिय राहून १० ऑगस्ट १९९० रोजी पेटली आणि तिने यानाला शुक्राच्या कक्षेत आणले. भारताच्या ॲपल उपग्रहाला १९८१ साली भूस्थिर कक्षेकडे नेणारी मोटर तर एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावरूनच बेतलेली होती.

हवा नसताना हे इंधन जळते कसे, याचे उत्तर सोपे आहे. ज्याला आपण सैलपणे इंधन म्हणतो, त्या प्रणोदकात ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेट वजनाने सुमारे दोन तृतीयांश असते. उरलेल्या भागात ॲल्युमिनियमची भुकटी आणि हे सारे धरून ठेवणारा रबरासारखा बहुवारिक (पॉलिमर) असतो. हे मिश्रण दाट पाकासारखे असताना धातूच्या किंवा तंतुमय कवचात ओततात, मध्ये हव्या त्या आकाराची पोकळी राखतात आणि मग ते घट्ट होऊ देतात. ज्वलन या पोकळीच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या दिशेने सरकते. पोकळी साधी गोल असेल तर जळणारे क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर रेटा, वाढत जातो. ताऱ्याच्या आकाराची असेल तर तो बराच काळ जवळपास स्थिर ठेवता येतो. द्रव इंजिनात उड्डाणाच्या वेळी झडपा जो निर्णय घेतात, तो येथे साच्याच्या आकारातच घेतलेला असतो.

आता खरी गंमत दाबाची. प्रणोदकाचा पृष्ठभाग सेकंदाला किती मिलिमीटर जळतो, हे ज्वलनकक्षातील दाबावर अवलंबून असते, कारण दाब वाढला की ज्वाला पृष्ठभागाच्या अधिक जवळ येते आणि त्याला अधिक उष्णता देते. हा ज्वलनदर दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो. त्या घातांकाला आपण ‘न’ म्हणू. दुसरीकडे, नोझलच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, सर्वांत अरुंद भागातून बाहेर जाणाऱ्या वायूचे प्रमाण थेट दाबाच्या पटीत वाढते. शाळेतील हौद आणि नळाच्या गणितासारखीच ही स्थिती आहे, फक्त येथे पाणी भरणारा आणि रिकामा करणारा, असे दोन्ही नळ हौदातील पातळी पाहून आपला वेग बदलतात. ‘न’ एकपेक्षा कमी असेल, तर दाब चुकून वाढल्यावर वायूची निर्मिती थोडी वाढते आणि निचरा त्याहून जास्त वाढतो, त्यामुळे दाब आपोआप मूळ जागी येतो. ‘न’ एकपेक्षा जास्त असेल तर निर्मिती निचऱ्याला मागे टाकते आणि मोटर फुटते.

समतोलाचा दाब काढायचा तर जळणाऱ्या क्षेत्रफळाला एक भागिले (एक वजा ‘न’) या घातावर न्यावे लागते. ‘न’ ०.३५ असताना क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढले तर दाब सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, ‘न’ ०.८ असता तर तेवढ्याच वाढीने दाब ६१ टक्क्यांनी वाढला असता. प्रणोदकात पडलेली बारीक चीर म्हणजे जळणारे जादा क्षेत्रफळ, म्हणून चिरेची भीती किती बाळगायची, हेही हा घातांकच ठरवतो. हे गणित ज्यांना किचकट वाटेल, त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की रसायनतज्ज्ञ या मिश्रणात केवळ ऊर्जा शोधत नाहीत, तर लहान घातांकही शोधत असतात.

प्रक्षेपकाची मोटर अवकाशयानावर आणताना हेच समीकरण पुन्हा आडवे येते. प्रणोदकाचे सुरुवातीचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ज्वलनदर साधारण ०.१ ते ०.३ टक्के वाढतो. यानाची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असताना ४० अंशांचा फरक सहज पडू शकतो. ०.२ टक्के हा दर आणि ‘न’ ०.३५ धरला तरी एवढ्या फरकाने ज्वलनदर ८ टक्के आणि समतोलाचा दाब सुमारे १२ ते १३ टक्के बदलतो. म्हणून मोटरला उष्णतारोधक आवरणे आणि तापकांनी ठरावीक तापमानात राखावे लागते. शिवाय थंडीत बहुवारिक आकसतो आणि कवचापासून सुटू लागतो, त्यामुळे त्याची लवचिकता नीचतम तापमानालाही टिकली पाहिजे.

झडपा आणि पंप नाहीत म्हणजे बिघाड नाही, हा समजही फसवा आहे. १९८४ साली अवकाश शटलमधून सोडलेले वेस्टार-६ आणि पालापा-बी२ हे दोन्ही उपग्रह त्यांच्या घन मोटरींच्या नोझलमध्ये बिघाड झाल्याने चुकीच्या कक्षेत अडकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतराळवीरांनी ते परत आणले.

अचूकतेची अडचण वेगळी आहे. मोटरने वेगात सेकंदाला १,५०० मीटरचा बदल करायचा असेल आणि एकूण आवेगात (रेटा आणि तो टिकण्याचा काळ यांच्या गुणाकारात) एक टक्क्याची चूक झाली, तर सेकंदाला १५ मीटरचा फरक उरतो. तो पुसण्यासाठी शेवटी द्रव इंजिनांचीच गरज लागते. इस्रोच्या एसएसएलव्ही प्रक्षेपकात तीन घन टप्प्यांवर एक छोटा द्रव टप्पा बसवलेला आहे, तो याच कारणासाठी.

मग थांबवण्याचे काय? दाब अचानक कोसळला तर ज्वाला पृष्ठभागापासून दूर जाते, उष्णतेचा पुरवठा तुटतो आणि प्रणोदक विझतो. कवचात पुरेशी मोठी वाट एकाएकी उघडली की हे घडते, आणि बाहेर निर्वात असल्यामुळे दाब खाली येण्यास कोणतीही आडकाठी नसते. तेव्हा विझवणे शक्य आहे. पुन्हा पेटवणे मात्र अवघड, कारण त्यासाठी नवा प्रज्वलक हवा आणि उघडलेली वाट बंद करायलाही हवी.

विजेवर चालणाऱ्या घन प्रणोदकाची अलीकडे बरीच जाहिरातबाजी चालते. बटण दाबले की पेटणारे आणि सोडले की विझणारे इंधन आले, आता द्रव इंजिनांचे दिवस भरले, असा तिचा सूर असतो. हायड्रॉक्सिलअमोनियम नायट्रेटवर आधारित असे प्रणोदक खरोखरच आहेत आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून सोडलेल्या स्पिनसॅट या छोट्या उपग्रहावर ते बसवलेही होते. परंतु यांतील सुरुवातीच्या मिश्रणांमध्ये दाब एका मर्यादेपलीकडे गेला की वीज बंद केल्यावरही ज्वलन स्वतःच्या बळावर चालू राहत असे. म्हणजे थांबण्याची खात्री हवी तर दाब कमी ठेवायचा, आणि दाब कमी ठेवला की रेटाही लहान राहतो. उपग्रहाची दिशा किंचित बदलण्यासाठी एवढा रेटा पुरतो, पण सर्व्हेयरने ४० सेकंदांत केलेले काम त्याच्याकडून होणार नाही.