नाकाचं ऑपरेशन, आधी फोटोवर

सांगलीत कुठल्याही फोटो स्टुडिओत स्थळासाठीचे फोटो काढून झाले, की कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला एक विनंती हमखास ऐकायला मिळते: "नाक जरा बारीक करून द्या की." तो माउसने नाकपुड्या दोन्ही बाजूंनी आत ढकलतो, नाकाच्या दांड्यावर उजेडाची एक उभी रेघ ओढतो, आणि मिनिटभरात चाफेकळी नाक तयार. मुलगी खूश, आईही खूश. पुढे कधीतरी तोच फोटो मोबाइलमध्ये घेऊन कुणी मिरजेला प्लास्टिक सर्जनसमोर बसतं आणि म्हणतं, "डॉक्टर, अस्संच पाहिजे." मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हापासून या भागात दुखणं मोठं असो की हौसेचं, पाय तिकडेच वळतात.

असा फोटो घेऊन आलेल्या माणसाला हसायचं काही कारण नाही. सर्जन स्वतःही रुग्णाचा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्यात बदल करून दाखवतात. "नाक जरा सरळ करा" यातलं 'जरा' एक मिलिमीटरचं आहे की चार, हे बोलून कधीच कळत नाही. फोटोवर ते दोन मिनिटांत कळतं. कापण्याआधी आकार ठरवून घ्यायची ही रीत तशी जुनी, आणि आपल्याच मुलखातली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका ऑपरेशनचं वर्णन छापून आलं होतं. इंग्रजी फौजेकडचा कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि नाक गमावून बसला. विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. पण त्याआधी त्याने मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्याला शोभेलसा आकार दिला, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने किती कातडी उचलायची ते आखून घेतलं. हे वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. मेणाची एक खुबी होती: त्या पत्र्याने जेवढं दाखवलं, तेवढी कातडी कपाळावर मोजून घेता येत होती. फोटोचं तसं नाही, आणि सगळी गफलत तिथेच होते.

पहिली गफलत फोटोत बदल करण्याआधीच झालेली असते. आपलं नाक मोठं आहे ही तक्रार पुष्कळदा सेल्फी बघून सुरू होते. कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी दिसते, हे साधं भूमितीचं गणित आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत मागे जायला साधारण १२ सेंटिमीटर धरा. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटणार. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला, तर कान १६२ सेंटिमीटरवर आणि फरक उरतो फक्त ८ टक्के. अमेरिकेतल्या सर्जनांनी २०१८ मध्ये चेहऱ्याचं गणिती प्रारूप करून हेच तपासलं. त्यात १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते, आणि पाच फुटांवर ही फुगवट जवळजवळ नाहीशी होते, असं आढळलं. सेल्फीवर नाक बारीक करून बघणारा माणूस जवळच्या कॅमेऱ्याने फुगवलेलं नाक कापायला निघालेला असतो.

त्यात आरशाची भर. आपण स्वतःला रोज आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटं बघतो आणि त्याच चेहऱ्याला सरावतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना त्यांचाच फोटो सुलटा आणि उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला. स्वतःला आवडला तो आरशातल्यासारखा, मित्र-मैत्रिणींना आवडला तो सुलटा. नाक किंचित एका बाजूला झुकलेलं असेल, तर सुलट्या फोटोत ते अचानक परक्याचं वाटतं. कित्येक मोबाइल सेल्फी उलटी साठवतात, कित्येक सुलटी, आणि कुठली कशी ते बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

म्हणून दवाखान्यात पुन्हा फोटो काढतात. दीड-दोन मीटरवरून, १०० मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने, डोकं एका ठरावीक पातळीत ठेवून: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. ही रेषा १८८४ मध्ये फ्रँकफुर्टला मानववंशशास्त्रज्ञांनी ठरवली, कवट्या मोजण्यासाठी. हनुवटी थोडी वर झाली की शेंडा उचललेला दिसतो आणि खाली गेली की लोंबलेला, त्यामुळे तिची गरज आजही तेवढीच आहे. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरके, खालून नाकपुड्यांचा, आणि हसतानाचा एक, कारण हसताना काहींचा शेंडा खाली ओढला जातो.

आता फोटोवरचं काम. बाजूच्या फोटोत २० सेंटिमीटर उंचीला २००० पिक्सेल आले असतील, तर एक मिलिमीटर म्हणजे दहा पिक्सेल. माउस ३० पिक्सेल सरकला की दांड्यावरचा उंचवटा ३ मिलिमीटरने गेला. ऑपरेशनमध्ये काढायचं हाड आणि कूर्चा (लवचिक, मऊ हाड) बहुधा एवढ्याच मापाची असते, म्हणून बाजूच्या फोटोवरचा आराखडा बराच भरवशाचा. तिथे नाक म्हणजे एक कडा, आणि कडा मोजता येते. समोरच्या फोटोत नाकाला कडा जवळजवळ नसतेच. दिसतो तो दांड्यावरचा उजेड आणि दोन्ही बाजूंची सावली. स्टुडिओतल्या पोराने उजेडाची रेघ ओढली. सर्जनला तीच रेघ हवी असेल तर दोन्ही बाजूंचं हाड कापून आत घ्यावं लागतं, नाहीतर कूर्चा ठेवून दांडा उंच करावा लागतो. समोरून सुबक दिसणाऱ्या फोटोवर माझा विश्वास याच कारणाने कमी आहे.

शिवाय पिक्सेलला कातडी नसते. नाकाची कातडी भुवयांमध्ये जाड, दांड्याच्या मध्यावर पातळ आणि शेंड्याशी पुन्हा जाड. आपल्याकडे शेंड्याची कातडी बऱ्याच जणांची जाड आणि तेलकट असते. जाड गोधडीखाली ठेवलेल्या वस्तूच्या कडा वरून कळत नाहीत, तसं आतली कूर्चा कितीही रेखीव घडवली तरी बाहेरून शेंडा गोलच दिसतो. त्यावर सूज: शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं, कधी जास्तही. फोटोतला बदल त्या क्षणी, नाकातला पुढच्या वर्षी.

आणि नाक श्वासासाठी आहे. नाकाचा पडदा आणि वरची बाजूची कूर्चा यांच्यात जेमतेम १० ते १५ अंशांची फट असते. सगळ्या श्वासमार्गातली अडचणीची जागा हीच. नळी अरुंद झाली की तिचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. नाक काही सरळ नळी नव्हे, पण दिशा तीच. समोरच्या फोटोत मधला भाग दोन मिलिमीटरने आवळणं सोपं. प्रत्यक्षात तेवढ्याने रात्री तोंड उघडं ठेवून झोपायची पाळी येऊ शकते. पडदा आधीच वाकडा असेल, तर सर्जन त्या दोन मिलिमीटरला नकार देईल, आणि ते बरंच.

आदर्श कोनांचंही असंच. नाकाचा तळ आणि वरचा ओठ यांच्यातला कोन पुरुषांत ९० ते ९५ आणि बायकांत ९५ ते ११० अंश असावा, असं पुस्तकांत छापलेलं असतं. ही मापं बहुतेक युरोपीय वंशाच्या चेहऱ्यांवरून आलेली. कृष्णाकाठच्या चेहऱ्यावर ती जशीच्या तशी बसवली, की नाक एकीचं आणि चेहरा दुसरीचा.

फोटोवर बदल करून बघण्याचा खरा फायदा मला दिसतो तो हनुवटीच्या बाबतीत. बाजूच्या फोटोत नाकाला हात न लावता फक्त हनुवटी चार मिलिमीटर पुढे घेऊन दाखवली, की आतापर्यंत मोठं वाटणारं नाक बेतात दिसू लागतं. कित्येकांना त्या वेळी पहिल्यांदा कळतं, की दोष नाकाचा नव्हताच. उलट एखाद्याला दहा वेगवेगळे बदल दाखवूनही एकही पटत नसेल, दुसऱ्या कुणाला न दिसणारा दोष त्याला दिवसभर छळत असेल, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. अशा वेळी जाणता सर्जन माणसाला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो.

बदललेला फोटो फाइलमध्ये जातो, आणि "हे उद्दिष्ट आहे, हमी नव्हे" अशा मजकुराखाली रुग्णाची सही घेतात. वर्षाने निकाल बघायचा तो याच फोटोशेजारी नवा फोटो ठेवून. त्यासाठी अंतर, लेन्स, उजेड आणि डोक्याची पातळी पहिल्या दिवसाचीच लागते. नातेवाइकांनी जेवणाच्या टेबलावर काढलेला फोटो इथे चालत नाही.