जाळीची खुर्ची आली कुठून?

ऑफिसात आज सर्रास दिसणाऱ्या जाळीच्या खुर्चीची गोष्ट सुरू होते ती घरात दिवसदिवस बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपासून.

फिरणारी, कलणारी खुर्ची तशी जुनीच. अमेरिकेत थॉमस वॉरन यांनी १८४९ मध्ये बिडाच्या सांगाड्याची, बैठकीखाली पोलादी स्प्रिंगा असलेली खुर्ची केली आणि १८५१ मध्ये ती लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. पुढे मात्र खुर्ची हुद्द्यावर ठरत गेली. साहेबाला उंच पाठीची, टायपिस्टला आखूड पाठीची. दिवसभर एका जागी कोण बसतं, हे कुणी पाहिलंच नाही.

कमरेकडे लक्ष गेलं ते डॉक्टरांमुळे. १९६०च्या दशकात स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी चक्क मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर तो जास्त भरला. बसणं म्हणजे कमरेला विश्रांती, ही समजूत तिथेच मोडली.

अमेरिकेचे डिझायनर बिल स्टम्फ यांनीही विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉक्टरांच्या सोबतीने बसण्याचा अभ्यास केला. त्यातून १९७६ मध्ये हर्मन मिलर या फर्निचर कंपनीची ‘अर्गॉन’ खुर्ची आली. ती फोमची होती. पुढे स्टम्फ आणि दुसरे डिझायनर डॉन चॅडविक यांनी वृद्धांसाठी ‘सारा’ नावाची खुर्ची आखायला घेतली. जाड गादीत तासन् तास बसलं की ऊब कोंडते, घाम साचतो, कातडी सोलवटते, हे त्यांना तिथे दिसलं. ‘सारा’ बाजारात आली नाही, पण तो धडा वाया गेला नाही. १९९४ च्या ‘एरॉन’ खुर्चीतून त्यांनी फोमच काढून टाकला आणि चौकटीवर जाळी ताणली.

हे वाचताना मला आपल्या सरकारी कचेऱ्यांतली वेताची खुर्ची आठवते. मधोमध खोलगट झालेली, पण मे महिन्यातही पाठ कोरडी ठेवणारी. ती जाऊन रेक्झिनची गादी आली, आणि शर्ट पाठीला चिकटायला लागले.

माझ्या मते ‘एरॉन’मधली सर्वांत मोलाची गोष्ट जाळी नव्हे, मापं. ती लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांत निघाली. आपल्याकडे जाळी आली, मापं राहून गेली. ऑर्डर निघते ती एकाच मापाच्या पन्नास खुर्च्यांची. मग बुटक्या बाईचे पाय लोंबकळतात, आणि ती टेबलाखाली कागदाच्या रिमांचं रिकामं खोकं सरकवून त्यावर पाय टेकवते.