पार्श्वभूमी : सातारा-सांगलीत मुलांच्या मनाचा विचार कसा पुढे आला

पालक मेळाव्यात ‘भावनिक स्वास्थ्य’ हा शब्द निघाला की विषय नवा आणि शहरी वाटतो. सातारा-सांगलीत तो नवा नाही. क्रम मात्र वेगळा राहिला. मुलाला वर्गात बसू द्यायचं का, हा प्रश्न आधी आला. त्याने ‘का?’ विचारलेलं चालेल का, हा नंतर. त्याला आतून काय वाटतं, हे विचारायला सगळ्यात उशीर झाला.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणांत तारीख येते, वर्गात काय घडत होतं ते क्वचितच येतं. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. पाणी प्यायचं तर शिपायाने नळ सोडायला हवा. शिपाई नसला की तहानेलं राहायचं. पुढे एकदा सुट्टीत भिवा आणि घरातली मुलं वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळताच मागे सरला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. या प्रसंगाने मनावर कायमचा ठसा उमटवला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वगळलं गेल्याने लहान मुलाचं काय होतं, याचा याहून नेमका दाखला शोधायला दूर जायची गरज नाही.

यावरचं उत्तरही याच मातीत उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. त्यांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आमच्या मते इथली खरी युक्ती कामाच्या वाटणीत होती. एकत्र राबलं, एकत्र रांधलं की मुलं आपोआप मिसळतात. ‘मिसळा’ म्हणून ती मिसळत नाहीत.

घरी आजही हेच लागू पडतं. ऐकू कमी येणारं किंवा अडखळत बोलणारं मूल वाढदिवसाच्या पंधरा जणांच्या गोंगाटात हरवतं, कारण श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गलकाही वाढवतं. त्यापेक्षा एक-दोनच सवंगडी बोलवावेत आणि हाताला काम द्यावं: शेंगा सोलणं, किल्ला करणं. काम समोर असलं की बोलण्याची सक्ती राहत नाही.

कुतूहलाची बाजू थोडक्यात. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे कर्तव्य 1976 मध्ये संविधानात आलं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि ‘का?’ हा प्रश्न गावोगावच्या शाळांत नेला. मूल गप्प झालं, दचकून उठू लागलं की ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावण्याची रीत मात्र पुरती गेलेली नाही. त्यात उपचाराचे महिने वाया जातात.

कायद्याने मनाची दखल घेतली ती 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात. त्याच्या कलम 17 ने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. तरी ‘सर, चार रट्टे द्या पण वळण लावा’ असं सांगणारे पालक अजून भेटतातच.

सांगलीत या विषयाला तातडी आणली ती कृष्णेने. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर ढग भरून आले की काही मुलं शाळेत जायला नको म्हणतात, पोट दुखतं म्हणतात, अंथरूण ओलं करतात. ‘काही होत नाही, झोप’ हे उत्तर टिकत नाही. मुलाने घरात पाणी शिरलेलं पाहिलेलं असतं. त्याला खरे आकडे द्यावेत. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी, वर 105.25 टीएमसीचं (अब्ज घनफूट) कोयना धरण. रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, मुलानेच वहीत फूट लिहावेत आणि पातळी वाढली तर आपण कुठे जाणार तेही लिहावं. पिशवीत त्याच्या पसंतीची एक वस्तू त्याच्याच हाताने भरू द्यावी. दिवसभर मोबाईलवर पुराचे व्हिडिओ चालू ठेवले तर या सगळ्यावर पाणी पडतं. महिनाभरानेही झोप आणि जेवण रुळावर आलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

शेवटचा टप्पा तपासणीचा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले, आणि त्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित अवघड जाणं, आली. तिची चाचणी तिसरीच्या सुमारास, आठव्या वर्षी करता येते. पालक येतात नववी-दहावीत, बोर्डाची सवलत हवी म्हणून. तोवर मूल सहा वर्षं ‘आळशी’ ऐकत आलेलं असतं. जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण वाचायचं नाव काढलं की त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून दुसरी-तिसरीत अक्षरं उलटी पडत असतील, फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग त्याच्या वह्या, अगदी खाडाखोडीच्याही, सोबत घेऊन जिल्हा रुग्णालय गाठावं. पालक बहुधा नेमक्या नीटनेटक्या वह्या निवडून नेतात, आणि डॉक्टरांना बघायचं ते घरीच राहतं.